सामना संपल्यावरचे नागपूर

फेब्रुवारी २०२३ मध्ये जामठ्याच्या मैदानावर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातला कसोटी सामना पाच दिवसांचा म्हणून सुरू झाला आणि तिसऱ्या दिवशीच आटोपला. दुसऱ्या डावात ऑस्ट्रेलियाचा संघ ९१ धावांत गारद झाला, भारत एक डाव आणि १३२ धावांनी जिंकला, टाळ्या झाल्या, फटाके वाजले. आणि मग बाहेरगावाहून खास सामन्यासाठी आलेल्या मंडळींसमोर वेगळाच पेच उभा राहिला. शनिवारी दुपारी सामना संपलेला, परतीची तिकिटे सोमवार-मंगळवारची. रजा घेतलेली, हॉटेलचे पैसे भरलेले. आता दोन दिवस करायचे काय?

अशा पाहुण्याला आपण नागपूरकर जे सांगतो ते ठरलेले असते. फुटाळ्यावर एक चक्कर मारा, संत्राबर्फीचे दोन डबे घ्या, आणि जमलेच तर वाघ बघायला ताडोब्याला जा. म्हणजे शहर पाहायला आलेल्याला आपण शहराबाहेरच पाठवतो! सल्ला वाईट नाही. पण त्यात नागपूर कुठे आहे, हा माझा प्रश्न आहे. पाहुणा वर्धा रोडवर उतरतो, वर्धा रोडवर जेवतो, वर्धा रोडवरच्या मैदानावर सामना बघतो आणि वर्धा रोडवरूनच विमानतळ गाठतो. अर्ध्याहून अधिक शहर रेल्वेलाइनच्या पूर्वेला आहे याची त्याला गंधवार्ताही नसते.

पूर्वी असे नव्हते. १९६९ साली नागपूरचा पहिला कसोटी सामना झाला तो सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर, म्हणजे शहराच्या पोटातच. खेळ संपला की माणसांचा लोंढा पायी सदरमध्ये, सीताबर्डीत, स्टेशनकडे पसरायचा. १९८७ च्या विश्वचषकात चेतन शर्माने न्यूझीलंडविरुद्ध हॅट्ट्रिक घेतली आणि त्याच सामन्यात सुनील गावसकरने एकदिवसीय सामन्यांतले आपले एकमेव शतक ठोकले, त्या संध्याकाळी बर्डीवर बसायला जागा मिळत नव्हती. अर्थात त्या जुन्या मैदानाचे गोडवे गाताना हातचे राखूनच बोलावे लागते. १९९५ साली तिथेच सामना सुरू असताना भिंत कोसळून प्रेक्षकांचे जीव गेले, हे विसरता येत नाही. २००८ मध्ये जामठ्याचे प्रशस्त मैदान झाले ते चांगलेच झाले. मात्र मैदान गावाबाहेर गेले आणि त्याच्याबरोबर पाहुणाही गावाबाहेरच राहिला.

म्हणून माझे सांगणे असे की, सामना संपल्यावर रिक्षावाल्याला सांगावे, 'भाऊ, सक्करदऱ्याला घ्या.'

सक्करदरा म्हणजे पर्यटनाच्या नकाशावर ठळक ठिपका असलेली जागा नव्हे. एक तलाव, एक गजबजलेला चौक, शासकीय आयुर्वेद महाविद्यालय, बुधवारचा बाजार, उमरेडकडे जाणारा वाहता रस्ता. पण या वस्तीची एक गोष्ट पाहुण्याला सांगण्याजोगी आहे. भोसल्यांचा एक वाडा इथे होता. ताजुद्दीन बाबा नावाचे फकीर त्या काळी इंग्रजांच्या वेड्यांच्या इस्पितळात डांबलेले होते. १९०८ साली राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना तिथून सोडवून आणले आणि आपल्या सक्करदऱ्याच्या वाड्यात ठेवून घेतले. मराठा राजाने एका मुसलमान फकिराला घरी आणून त्याची सेवा करावी, यात त्या काळच्या नागपूरकरांना फारसे वावगे वाटले नसावे. लोक दर्शनाला रांगा लावू लागले ते दोन्हीकडचे. १९२५ साली बाबा गेले. जवळच ताजबागेत त्यांचा दर्गा आहे आणि तिथे चादर वाहणाऱ्यांत आजही कुंकू लावलेल्या बायाबापड्या दिसतात. कसोटीचे दोन दिवस शिल्लक राहिले असतील तर त्यातली एक सकाळ इथे घालवावी.

सकाळ म्हटली की पोहे आले. पुण्याचे पोहे खाऊन आलेल्या माणसाने इथे थोडा धीर धरावा. आपल्याकडे पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात, ती तर्री. 'काकाजी, तर्री जास्त टाकू काय?' असे गाडीवाला विचारील. पहिल्या खेपेला नाही म्हणावे, दुसऱ्या खेपेला आपण होऊन वाटी पुढे करालच. याच गाड्यांवर आलुबोंडा मिळतो, त्याला बटाटेवडा म्हणू नये. आणि थंडीच्या दिवसांत सांबारवडी मिळाली तर सोडू नये. इथे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मात्र दक्षिणेकडच्या पाहुण्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे. २०२५ साली जामठ्यावर विदर्भ आणि केरळ यांच्यात रणजीचा अंतिम सामना झाला, तेव्हा तिकडून आलेल्या एखाद्याने सांबारवडी मागवून वाटीची वाट पाहिली असेल, असे माझ्या मनात येऊन जाते. (तो सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला, हे जाता जाता सांगायला हरकत नाही.)

आता सावजी. या विषयावर मला जरा सविस्तर बोलायचे आहे, कारण पाहुण्यांइतकेच आपणही या बाबतीत अन्याय करतो. सावजी हे मुळात मसाल्याचे नाव नाही. हलबा-कोष्टी विणकर समाजातल्या माणसांना हाक मारण्याची ती रीत. त्यांच्या घरचे जेवण ते सावजी जेवण. दिवसभर मागावर बसणाऱ्या, कष्टाने अंग मोडून येणाऱ्या माणसांचे ते अन्न. त्यात जवसाचे तेल, खसखस, दगडफूल, काळा मसाला, आणि तिखट तर आहेच. पण केवळ तिखट म्हणजे सावजी नव्हे. मिरी-लवंगेची ऊब जिभेवर मागून येते, ती येईपर्यंत थांबावे लागते.

बँकेच्या नोकरीत मी काही वर्षे पूर्व नागपुरातल्या शाखेत होतो. हातमागाच्या कर्जाच्या फायली माझ्या टेबलावरून जात. कर्जवसुलीच्या निमित्ताने वस्तीत हिंडताना एक बदल डोळ्यांदेखत घडताना पाहिला. आधी पुढच्या खोलीत माग खडखडत असायचा. यंत्रमागाच्या स्वस्त कापडापुढे हातमागाचे लुगडे टिकेना. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली एम्प्रेस मिलही पुढे बंद पडली. आज त्या जागी मॉल आहे. मग एखाद्या घरातला माग निघाला आणि तिथे दोन बाकडी आली. घरच्या बाईने जे रोज रांधले तेच ती विकू लागली. एका खातेदाराने मागासाठी घेतलेले कर्ज भोजनालयाच्या गल्ल्यातून फेडले, शेवटचा हप्ता तेलकट नोटांत. कॅशियरने नाक मुरडले. मला त्या नोटा फार मोलाच्या वाटल्या. सगळ्याच विणकरांचे असे निभावले नाही, हेही त्याच फायलींत होते.

म्हणूनच सावजीचा जो तमाशा झाला आहे तो मला खटकतो. दोस्तमंडळी पाहुण्याला भोजनालयात नेतात, सर्वांत जहाल रस्सा मागवतात आणि त्याचे नाक-डोळे वाहू लागले की टाळ्या देतात. जणू जेवण नव्हे, पैज! शिवाय आता मुंबई-पुण्यातही जागोजागी 'सावजी'च्या पाट्या लागल्या आहेत आणि तिथे लाल रंग आणि तेल यापलीकडे काही असेलच याची खात्री नाही. पाहुण्याला खरे सावजी खाऊ घालायचे तर सक्करदरा, नंदनवन, महाल, इतवारी या बाजूला न्यावे. भोजनालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही. जिथे घरातली बाई अजून स्वतः मसाला वाटते आणि दुपारी दोननंतर 'संपलं जी' असे सांगतात, तिथे खुशाल बसावे. मटण न खाणाऱ्यांनी हिरमुसले होऊ नये. पाटोडीचा रस्सा आणि डाळकांदा यांवर मी स्वतः कितीतरी दुपारी काढल्या आहेत. ज्वारीची भाकरी कुस्करून घ्यावी, लिंबू पिळावे, कच्चा कांदा हाताशी ठेवावा, आणि तर्री वेगळी मागवावी म्हणजे आपल्या बेताने घालता येते.

एक अडचण मात्र उघडपणे सांगितली पाहिजे. यातल्या कित्येक ठिकाणी बायका-मुलांना घेऊन बसणे आजही अवघड वाटते. काही ठिकाणी संध्याकाळी जेवणापेक्षा पिणाऱ्यांचीच वर्दळ जास्त. ज्या घरातल्या बायकांनी हे जेवण घडवले, त्याच घरातल्या लेकी-सुना तिथे गिऱ्हाईक म्हणून निवांत बसू शकू नयेत, हे काही शोभणारे नाही. ज्यांनी कुटुंबांसाठी वेगळी, उजेडाची खोली काढली त्यांचा धंदा बुडाल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

आतापर्यंत क्रिकेटच्या पाहुण्यांचे बोललो, कारण त्यांच्या खिशात पैसे असतात. पण खेळासाठी नागपुरात येणाऱ्यांत संख्येने मोठा वर्ग वेगळाच आहे. हनुमाननगरच्या क्रीडा चौकाजवळ, ईश्वर देशमुख शारीरिक शिक्षण महाविद्यालयाच्या परिसरात सकाळी कधी उभे राहून बघा. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळकडची पोरेपोरी सारख्या रंगाच्या बनियनीत, खांद्याला पिशव्या, सोबत एखादे गुरुजी किंवा बाई. कुणी कबड्डीला आलेले, कुणी खो-खोला, कुणी धावण्याच्या शर्यतीला. सकाळी बसमधून उतरतात, मैदानावर खेळतात, पुड्यातला वडापाव किंवा मसालेभात खातात, पहिल्या फेरीत हरले तर दुपारीच परतीच्या बसला लागतात. कित्येकांची ही नागपूरची पहिली खेप असते. त्यांनी नागपूर पाहिले काय? एक मैदान आणि एक बसस्थानक!

मला हे मनापासून वाटते की, स्पर्धा भरवणाऱ्यांनी वेळापत्रकात अर्धा दिवस शहरासाठी राखून ठेवावा. यात फार खर्चाचे काही नाही. दीक्षाभूमीचा स्तूप आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा दिली ती भूमी पोरांनी धड्यात वाचलेली असते, प्रत्यक्ष पाहिलेली नसते. १८६३ सालचा अजबबंगला आहे. रमण विज्ञान केंद्र आहे, तिथून तर मुले निघायलाच तयार होत नाहीत. सीताबर्डीचा किल्ला मात्र वर्षातून तीनच दिवस सर्वांसाठी उघडतो, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट; लष्कराच्या ताब्यातली जागा, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करणार? आणि एका वेळचे जेवण पुड्यातले न देता वस्तीतल्या एखाद्या भोजनालयात द्यावे, तिखट बेताचे ठेवायला सांगून. पोरांच्या पोटात गरम अन्न जाईल आणि पैसाही वस्तीतच राहील. पालकांचाही विचार व्हावा. २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकल्यापासून पोरांना स्पर्धांना घेऊन येणारे आईबाप जास्तच दिसू लागले आहेत. डाव सुरू असताना ती माणसे तासन्‌तास बाहेरच्या पायरीवर बसून असतात.

नेण्यासारखे काय, असे कुणी विचारले तर बर्फीचा डबा जरूर घ्या, पण क्रिकेटचा हंगाम आणि संत्र्याचा हंगाम आपल्याकडे जोडीनेच येतो, हेही ध्यानात असू द्या. नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहार, फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहार. वरून चकचकीत दिसणाऱ्या फळापेक्षा सैल सालीचे, जरा डागाळलेले संत्रे गोड निघण्याचा संभव अधिक. बुधवारी आलात तर सक्करदऱ्याच्या बाजारातच घ्या. भाव करताना बाई 'घेऊन तर पाहा जी' म्हणून एक फोड हातावर ठेवते. पिशवी घेऊन मेट्रोत बसा. जामठ्याच्या दिशेला खापरीपर्यंत जाणाऱ्या त्या मार्गिकेचे नावही नारिंगीच आहे. तिथून पुढे मैदानापर्यंत रिक्षा किंवा बस करावी लागते. मैदानाच्या दारावर फळे आत नेऊ देत नाहीत, तेवढी मात्र आधीच खाऊन घ्या.