आय-सेव्हनचा नाद आणि साडेसातशेचा एसएमपीएस

दिवाळी जवळ आली, दहावी-बारावीचा निकाल लागला किंवा उसाचं बिल जमा झालं, की मला एक ठराविक फोन येतो. "दादा, पोराला कॉम्प्युटर घ्यायचाय. चाळीसपर्यंत बजेट हाय. आय-सेव्हन बसंल काय त्यात?"

मी सॉफ्टवेअरवाला. हार्डवेअरशी माझा संबंध तसा पोटापाण्याचा नाही. पण आपल्याकडे माणूस 'कॉम्प्युटरमधला' आहे म्हटलं की त्याला प्रिंटरपासून मोबाईलच्या टॉवरपर्यंत सगळं आलं पाहिजे अशी समजूत आहे. सांगतो बापडा जमेल तसं. पण गेली काही वर्षं एकच प्रकार पुन्हा पुन्हा बघून डोकं फिरायला लागलंय. आज रविवार आहे, बाहेर पाऊस आहे, म्हटलं एकदाचं लिहून टाकू.

तर मंडळी, मुद्दा असा की आपण कॉम्प्युटर उलटा विकत घेतो. आधी प्रोसेसर ठरवायचा, मग रॅम, मग आत रंगीत दिवे लागणारं काचेचं कॅबिनेट, आणि उरलेल्या चिल्लरमध्ये एसएमपीएस. यूपीएस 'नंतर बघू'. अर्थिंग हा विषय तर निघतच नाही. आणि तीन वर्षांनी आपणच चहा पीत म्हणायचं, "हल्ली वस्तू काय टिकत नाहीत हो."

दुसऱ्या कुठल्या गावात हे चाललं असतं तर मी समजून घेतलं असतं. पण कोल्हापुरात? ज्या गावात शिवाजी उद्यमनगर आहे, ज्या गावानं ऑइल इंजिनं बनवून नाव काढलं, जिथं कास्टिंग आलं की गेज लावल्याशिवाय माल आत घेत नाहीत, त्या गावचा माणूस कॉम्प्युटरच्या दुकानात शिरला की स्टिकर वाचून पैसे मोजतो! हाच माणूस लेथ घ्यायला गेला तर पहिल्यांदा बेड बघेल. बेड सरळ असेल तर मोटर बदलता येते, चक बदलता येतो, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. कॉम्प्युटरचा बेड कुठला, एवढंच त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आधी त्या आय-सेव्हनचा निकाल लावू. आय-सेव्हन हे एका प्रोसेसरचं नाव नाही. ती एक पाटी आहे, इंटेलनं ती २००८ पासून कित्येक पिढ्यांवर लावली. २०११ चा आय-सेव्हन २६०० आणि २०२२ चा आय-थ्री १२१००, दोघांनाही चार कोअर. पण घरच्या कामात हा आय-थ्री त्या आय-सेव्हनला सहज मागं टाकतो, तेही कमी वीज खाऊन. तरी बाजारात 'आय-सेव्हन, सोळा जीबी, बारा-तेरा हजारांत' अशा पाट्या झळकतात आणि माणसं भाळतात. त्या डब्यात काय असतं? एच६१ चिपसेटचा बोर्ड. बॉक्स नवा, बोर्ड नवा, चिपसेट मात्र २०११ चा. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, कारण त्याला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची चिप लागते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे तो डबा दुकानातून बाहेर पडतानाच म्हातारा असतो. (लिनक्स टाकून तो आणखी पाच वर्षं चालवता येतो, मी स्वतः लोकांना टाकून देतो. पण मग दुकानदारानं तो 'लिनक्सवर चालणारा जुना कॉम्प्युटर' म्हणून विकावा की!)

असो. आता बेडकडे वळू.

कॅबिनेटसोबत फुकट आल्यासारखा मिळणारा एसएमपीएस हातात घेऊन बघा. वजन बघा. मग त्याच्या अंगावरचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरात '५०० वॅट' असतं. त्याखालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलंय ते शोधा. समजा १४ आहे. बारा गुणिले चौदा, १६८ वॅट. आजच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड, म्हणजे खरे खाणारे, जवळपास सगळं १२ व्होल्टवरूनच घेतात. म्हणजे ५०० ची पाटी लावलेला तुमचा एसएमपीएस कामाच्या बाजूनं १६८ चा आहे. हा गुणाकार चौथीतलं पोरगं करेल. पण करत कुणी नाही.

गंमत म्हणजे घरच्या कॉम्प्युटरला ५०० वॅट लागतच नाहीत. वेगळं ग्राफिक कार्ड नसेल तर कॅबिनेट पूर्ण जोरात चालूनही सहसा शे-दीडशे वॅटच्या आतबाहेर असतं. त्यामुळं मोठा आकडा नको, प्रामाणिक आकडा हवा. नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॅटचा, पाच वर्षं वॉरंटीचा एसएमपीएस पुरून उरतो. '८० प्लस'चा शिक्का असला तर उत्तम, पण तो शिक्का वीज किती वाया जात नाही एवढंच सांगतो, आतला माल किती टिकाऊ आहे ते नाही. ते वॉरंटीची वर्षं सांगतात.

आणि हे वीजबिल वाचवण्यासाठी म्हणून सांगत नाहीये. आपल्याकडे लाईट 'जाते' त्यापेक्षा जास्त वेळा ती डोळा मिचकावते. ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. चांगला एसएमपीएस साधारण १६-१७ मिलिसेकंद वीज नसतानाही पूर्ण लोड धरून ठेवतो, आणि तोवर यूपीएस बॅटरीवर जातो. स्वस्तातल्यात आतला मोठा कपॅसिटरच छोटा घातलेला असतो, तो त्याआधीच मान टाकतो. मग यूपीएस असूनही मशीन रिस्टार्ट होतं आणि आपण शिव्या यूपीएसला देतो. ज्यांनी २००२-०५ च्या सुमाराचे कॉम्प्युटर उघडून बघितलेत त्यांना ते पोट फुगलेले कपॅसिटर आठवत असतील. तेव्हा खराब इलेक्ट्रोलाइटमुळं जगभरचे बोर्ड गेले होते. चार रुपयांच्या भागानं चार हजारांचा बोर्ड जातो, हा धडा तेव्हाच मिळायला हवा होता.

त्याच्याही खाली अर्थिंग. "कॅबिनेटला हात लावला की जरा झिणझिण्या येतात, पण चालतंय." हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की विचारू नका. चालत नाही हो! एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो, त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून अर्थच्या तारेला जोडलेले असतात. अर्थ जमिनीपर्यंत पोचलेलाच नसेल तर कॅबिनेटचा पत्रा दोघांच्या मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो म्हणून आपण वाचतो. पण त्याच पत्र्याला तुमचा बोर्ड, पेनड्राइव्ह आणि प्रिंटर जोडलेले असतात. पेठांतल्या जुन्या घरांत तीन पिनचा सॉकेट असतो आणि तिसऱ्या भोकामागं तारच नसते. वायरमनला बोलवा, मल्टिमीटर लावायला सांगा. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या जवळ यायला हवं, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम दोन-तीन व्होल्ट. एवढं करायला लागणारे पैसे त्या रंगीत दिव्यांच्या पंख्यांपेक्षा कमी आहेत. बरं, एप्रिल-मेमध्ये वळीव कोसळताना विजा चमकायला लागल्या की प्लग काढून ठेवा. आणि नेटची केबल तांब्याची असेल तर तीही काढा, वीज त्या वाटेनं आत येते.

यूपीएसबद्दल थोडक्यात. ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुतेक वेळा ३६० वॅटचाच असतो, पण आपल्या कामाला बास. आतली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन वर्षांत मरणार, ती बदलायची, यूपीएस फेकायचा नाही. घरात साइनवेव्ह इन्व्हर्टर आधीच असेल तर त्याच्या पाठीमागं 'यूपीएस मोड'चं बटण असतं ते बघा. भारनियमनाच्या वर्षांत घेतलेला जुना स्क्वेअरवेव्ह असेल तर त्यावर नवा एसएमपीएस चालवू नका.

"हे सगळं घेतलं तर चाळीस हजारांत बाकीचं बसायचं कसं?" बरोबर प्रश्न. उत्तर असं की कात्री प्रोसेसरला लावा. लोकांना हे ऐकून धक्का बसतो, पण कॉम्प्युटरमध्ये सगळ्यात चिवट भाग कुठला असेल तर प्रोसेसर. तो सहसा जळत नाही, झिजत नाही. म्हणून तोच असा भाग आहे जो आज लहान घ्यावा आणि चार वर्षांनी सेकंडहँड मोठा आणून बसवावा. एसएमपीएस आणि एसएसडी मात्र सेकंडहँड कधीही घेऊ नयेत. आपण करतो नेमकं उलटं: प्रोसेसर कोरा करकरीत, आणि एसएमपीएस कुणाच्या तरी जुन्या डब्यातला.

पण नंतर मोठा प्रोसेसर बसवायचा तर सॉकेट जिवंत राहिला पाहिजे. इथं कंपन्यांची वागणूक बघून निर्णय घ्या. एएमडीचा एएम४ सॉकेट २०१७ मध्ये रायझनसोबत दुकानांत आला. त्या पहिल्या वर्षाच्या कितीतरी बोर्डांवर पुढं बायोस अपडेट करून २०२० नंतरचे रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर बसले. २०२४ मध्येसुद्धा त्या सॉकेटसाठी नवे प्रोसेसर निघाले. इंटेलनं त्याच २०१७ मध्ये आठवी पिढी आणली तेव्हा पिना तेवढ्याच, ११५१, पण जुना बोर्ड चालेना! मी काही एएमडीचा भक्त नाही. आयुष्यातली बरीच वर्षं इंटेलवरच कोड लिहिलाय. पण दहा वर्षांचा विचार करणाऱ्यानं हा इतिहास बघितलाच पाहिजे. सगळं नवं घेणार असाल तर २०२२ च्या एएम५ ला अजून पुढची वाट आहे. जुन्या मशीनमधली डीडीआर४ रॅम हाताशी असेल तर एएम४ वर आत ग्राफिक्स असलेला ५६००जी सारखा प्रोसेसर घ्या आणि निवांत राहा.

रॅम वापरता आली तर वापराच, कारण २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे उडालेत की काही विचारू नका. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी पुरवण्यात कंपन्या गुंतल्यात. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशल' हा आपल्यासारख्यांना माल विकणारा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणून मी इथं रुपयांचे आकडे लिहीत नाही, आज लिहिलेले बुधवारी शिळे होतील. नवी घ्यायचीच तर १६ जीबीची एक स्टिक घ्या आणि दुसरा स्लॉट रिकामा ठेवा. ग्राफिक्स थोडं हळू चालेल, चालू दे.

एसएसडी 'लिहून लिहून संपते' ही भीती सोडा. ५०० जीबीच्या चांगल्या एसएसडीला कंपनी ३०० टेराबाइट लिहिण्याची हमी देते. रोज २० जीबी लिहिलं तरी चाळीस वर्षं जातील. ती मरते ती अचानक, कंट्रोलर जाऊन, आणि जाताना खरखर आवाजसुद्धा करत नाही. म्हणून बॅकअप. आणि कोल्हापुरात बॅकअपचा अर्थ 'दुसऱ्या जागी' असाच घ्यायचा. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. व्हीनस कॉर्नरच्या आसपासच्या दुकानांत, घरांत टेबलाखाली ठेवलेल्या किती 'सीपीयूं'त (आपल्याकडं अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, चालायचंच) गाळ गेला याचा हिशोब नाही. डबा टेबलावर ठेवा. पाणी वाढायला लागलं तर एसएसडी काढून खिशात टाकता येते, ती एका स्क्रूवर असते.

आता हमखास येणारा सल्ला: "अरे, डेस्कटॉप कोण घेतं? लॅपटॉप घेऊन टाक ईएमआयवर." हिंजवडीला रोज बस पकडणाऱ्यानं जरूर घ्यावा. पण घरात टेबलावरच बसायचं असेल, आणि वापरणारी माणसं चार असतील, तर रॅम बोर्डलाच डाख दिलेली वस्तू का घ्यायची? त्यात काही बिघडलं की दुरुस्तीचा आकडा ऐकून माणूस नवाच घेतो. कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले छोटे डेस्कटॉप मला त्यापेक्षा बरे वाटतात, आठव्या पिढीच्या पुढचे असले तर. फक्त त्यातल्या बऱ्याच जणांचा एसएमपीएस आणि त्याची पिन त्या कंपनीपुरतीच असते, साधा बाजारातला बसत नाही. घेण्याआधी डबा उघडून दाखवा म्हणावं.

दुकानदारांना शिव्या घालण्यात मला रस नाही. गिऱ्हाईक 'आय-सेव्हन आहे काय' विचारतं, तो आय-सेव्हन देतो. 'एसएमपीएस कुठला' असं विचारणारं गिऱ्हाईक त्याला महिन्यातून एक भेटत असेल. ज्याच्याकडं हे पैसे वर्षातून एकदा येतात, उसाच्या बिलातून बाजूला काढलेले असतात, त्याला तीन वर्षांनी पुन्हा चाळीस हजार काढा म्हणून सांगायला कुणाची जीभ रेटेल? तो विचारत नाही कारण त्याला ठाऊक नाही. पण तुम्ही-आम्ही, जे पुण्यात बसून 'मी लिस्ट पाठवतो' म्हणतो, आणि कुठल्या तरी व्हिडिओतली गेमिंगची यादी गावाकडं व्हॉट्सॲप करतो, आपल्याला तर ठाऊक आहे ना?

तेव्हा पुढच्या वेळी घरून कोटेशनचा फोटो आला की प्रोसेसरची ओळ सोडून द्या. एसएमपीएसच्या ओळीत 'विथ कॅबिनेट' असं लिहिलेलं दिसलं तर ते परत पाठवा आणि कंपनी, मॉडेल नंबर, वॉरंटीची वर्षं लिहून मागा. दुकानदार म्हणेल, "एवढं कोण बघतंय साहेब?" म्हणू दे.