अर्भकांचा न्याय

इहलोकीं केलेल्या कर्मांचा जाब परलोकीं द्यावा लागतो, ही श्रद्धा ख्रिस्ती धर्माच्या पायाशींच आहे. तीस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. मनुष्यास जबाबदारीची जाणीव राहण्यास ती उपयोगीच पडते. परंतु ज्यानें कर्मच केलें नाहीं त्याचा हिशेब कशाचा? जन्मतांच मेलेल्या अर्भकाची वही कोरीच असावयाची. मग त्याच्या नांवें बाकी निघते कोठून?

आदिमानवाचें पाप प्रत्येकास जन्मतः चिकटतें व बाप्तिस्म्यावांचून तें धुतलें जात नाहीं, या मतावरून पांचव्या शतकांत संत ऑगस्टीन यांनीं बाप्तिस्मा न झालेल्या अर्भकांसही, सौम्य कां होईना, शिक्षा आहे असें प्रतिपादिलें. मध्ययुगांतील पंडितांस हें फार कठोर वाटलें, म्हणून त्यांनीं 'लिंबो' नांवाची स्थिति कल्पिली. तेथें यातना नाहींत, पण ईश्वराचें दर्शनही नाहीं.

ही कल्पना ग्रंथांतच राहिली असती तर आम्ही लेखणी उचलली नसती. आयर्लंडांत अशा मुलांस गांवच्या पवित्र दफनभूमींत जागा मिळत नसे. शेताची कड, पडक्या चर्चचें आवार अशा ठिकाणीं 'किलीन' नांवाच्या निराळ्या जागा असत. पुष्कळदां बाप रात्रीं जाऊन तेथें मूल पुरून येई. विसाव्या शतकांतही ही चाल चालू होती. तर्क पंडितांनीं केला. भोगणें मात्र आईबापांच्या वांट्यास आलें.

वास्तविक लिंबो हा रोमन कॅथलिक चर्चनें अधिकृतपणें ठरविलेला सिद्धांत कधींच नव्हता. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनें अशा मुलांच्या अंत्यविधीस बिशपच्या परवानगीनें मोकळीक ठेविली; १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथानें त्यांस ईश्वराच्या दयेवर सोंपविलें; आणि २००७ सालीं व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रमंडळानें, पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या संमतीनें, त्यांच्या उद्धाराची आशा बाळगण्यास सबळ कारणें आहेत असें जाहीर केलें.

शिकवण अशी बदलत गेल्यास धर्माचा अधिकार ढळेल, असें कित्येकांस वाटतें. आम्हांस तें मान्य नाहीं. मत्तयाच्या शुभवर्तमानांत येशूनें शेवटच्या न्यायाचें जें वर्णन केलें आहे, त्यांत विचारणा होते ती भुकेल्यास अन्न, परक्यास आसरा व बंदिवानास भेट दिली कीं नाहीं याची. ज्या धर्माच्या न्यायासनापुढें दयेचीच परीक्षा होते, त्यानें दयेस विसंगत मत टाकलें तर तो आपल्या मुळाकडेच परत जातो.

खेद एवढाच कीं, हें सांत्वन ज्यांस हवें होतें त्यांपैकीं असंख्य माता तोंपर्यंत वारल्या होत्या. परलोकाच्या भयानें शोकाकुल घरांवर भार लादण्याची रीत एकाच धर्मांत आहे असें नाहीं; आमच्या वाचकांनीं आपापल्या घरचे आचारही याच कसोटीस लावून पाहावे. सुधारणा सावकाशीनें होऊं द्या, असें म्हणणारे विसरतात कीं, त्या विलंबाचें व्याज नेहमीं दुर्बळांसच भरावें लागतें.