विश्लेषण : रोज ऑफिस, रविवारी कच्चा रस्ता… मुंबई उपनगरात परवडणारी सायकल कोणती घ्यावी?

सायकलीवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यामुळे ‘आता घेऊनच टाकू’ म्हणणाऱ्यांची संख्या अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशा उपनगरांत वाढली, तर नवल नाही. स्टेशनपर्यंतची रिक्षाची रांग, वाढते भाडे आणि रखडणारी वाहतूक यांवर सायकल हा सरळ उपाय दिसतो. पण दुकानात गेल्यावर बहुतेकांची नजर जाड टायर, पुढे-मागे शॉकअप आणि २१ गिअर असलेल्या चकचकीत ‘एमटीबी’वर, म्हणजे माउंटन बाइकवर जाते. तीच सायकल काही महिन्यांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खाताना दिसते. असे का होते? दहा ते वीस हजारांत रोजच्या प्रवासाला आणि अधूनमधून कच्च्या रस्त्याला चालेल अशी सायकल कशी निवडावी?

जीएसटी कमी झाल्याने नेमके किती वाचतात?

जीएसटी परिषदेच्या ३ सप्टेंबर २०२५ रोजी झालेल्या ५६व्या बैठकीत सायकली आणि त्यांचे सुटे भाग ५ टक्क्यांच्या टप्प्यात आणण्याचा निर्णय झाला. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रिगटाने फक्त दहा हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या सायकलींसाठी अशी शिफारस केली होती. अंतिम निर्णयात किमतीची ही अट राहिली नाही.

करपूर्व किंमत १०,००० रुपये असलेली सायकल आधी ११,२०० रुपयांना पडत होती, ती आता १०,५०० रुपयांना पडते. करपूर्व १५,००० रुपयांच्या सायकलीत १,०५० रुपये वाचतात. ही रक्कम डोळ्यांत भरणारी नाही. पण तेवढ्या पैशांत बरे कुलूप किंवा पुढचा-मागचा दिवा येतो. वाचलेले पैसे वरच्या मॉडेलमध्ये घालण्यापेक्षा या गोष्टींवर खर्च केलेले अधिक शहाणपणाचे. त्याचे कारण रस्त्यांत आहे.

उपनगरातला प्रवास सायकलीकडून काय मागतो?

अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड ही दोन्ही अंतरे रेल्वेमार्गाने साधारण १२ किमी आहेत. ताशी १५ किमीच्या आरामशीर वेगाने एवढ्या अंतराला पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. बहुतेकांचा प्रवास त्याहून छोटा, म्हणजे घर ते स्टेशन किंवा घर ते मेट्रो असा दोन-चार किमीचा असतो. रस्ता जवळजवळ सपाट आहे. चढ लागतो तो उड्डाणपुलांवर, आरेत किंवा पवईच्या बाजूला.

अडचण चढाची नाही, पृष्ठभागाची आहे. एस. व्ही. रोड असो की एलबीएस मार्ग, काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधली फट, उखडलेले पेव्हर ब्लॉक, गटारांच्या जाळ्या आणि पावसाळ्यातले खड्डे सायकलस्वाराच्या नेमके डाव्या बाजूला येतात. रेसिंगच्या सायकलीचा २५ मिमीचा बारीक टायर अशा फटीत अडकला की स्वार सरळ रस्त्यावर पडतो, आणि मागून बस येत असते.

दुसरी गोष्ट पावसाची. सांताक्रूझ वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी सुमारे २,३०० मिमी पाऊस नोंदला जातो. वर्षातले चार महिने ब्रेक ओले, चेन ओली आणि रस्ता निसरडा असतो. उरलेले आठ महिने समुद्राकाठची दमट हवा लोखंडाला गंज चढवत राहते.

सायकल ट्रॅकच्या भरवशावर राहता येईल का?

आजच्या घडीला नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ मध्ये एमएमआरडीएने सायकल ट्रॅक बांधला होता. तिथे गाड्या उभ्या राहू लागल्या आणि २०२५ मध्ये तो काढून रस्ता रुंद करण्याचे प्राधिकरणानेच ठरवले. पवई तलावाकाठच्या सायकल ट्रॅकचे बांधकाम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवले आणि जागा पूर्ववत करण्याचे आदेश महापालिकेला दिले. तानसा जलवाहिनीलगत मुलुंडपासून दक्षिणेकडे ३९ किमीच्या ट्रॅकची योजनाही महापालिकेने मांडली होती. पण नोकरदाराने तिच्यावर भिस्त ठेवून सायकल घ्यावी, अशी स्थिती नाही.

थोडक्यात, सायकल रिक्षा, बस आणि दुचाकींच्या गर्दीतच चालवायची आहे. त्यामुळे चटकन थांबणारे ब्रेक, खड्डा झेलणारे टायर आणि दुरून दिसणारे दिवे या तीन गोष्टी गिअरच्या संख्येपेक्षा महत्त्वाच्या ठरतात.

मग शॉकअपवाली एमटीबी योग्य नाही का?

खड्डे आहेत म्हणून शॉकअप हवा, हा तर्क वरवर बरोबर वाटतो. चांगला सस्पेन्शन फोर्क दणका शोषतो हेही खरे. पण असा फोर्क महाग असतो. दहा-बारा हजारांच्या सायकलीत मिळते ती बहुधा साधी स्प्रिंग. ती सायकलचे वजन वाढवते आणि उभे राहून पेडल मारताना खाली-वर होऊन पायांची ताकद खाते. पाऊस-चिखलात एक-दोन हंगाम गेले की ती अनेकदा जाम होते. मागेही शॉकअप असेल तर वजन आणखी वाढते आणि ढिले होणारे सांधेही वाढतात.

वजनाचा फरक दुकानात जाणवत नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर किंवा रेल्वेच्या पादचारी पुलावर सायकल उचलून नेताना तो जाणवतो. दोन शॉकअपच्या स्वस्त सायकली १७-१८ किलोपर्यंत जातात, तर साध्या फोर्कची हायब्रिड साधारण १३ ते १५ किलोची असते.

एमटीबीच्या टायरवरच्या मोठ्या गुठळ्याही डांबरी रस्त्यावर ओढ वाढवतात. त्या मातीत पकड मिळावी म्हणून असतात, डांबरावर त्यांचा फक्त गरगर आवाज येतो. रोज दहा किमी अशी सायकल रेटली की माणूस थकतो, आणि दोष सायकल प्रकाराला न देता सायकल चालवण्यालाच देतो. पार्किंगमधल्या धुळीचे एक कारण हे आहे.

या रस्त्यांना सर्वात स्वस्त आणि टिकाऊ शॉकअप म्हणजे रुंद टायर. ३८ ते ४२ मिमी रुंदीचा टायर योग्य हवेवर बहुतेक खड्डे पचवतो. हवेची मर्यादा टायरच्या बाजूला पीएसआयमध्ये छापलेली असते. रोजच्या रस्त्याला त्या मर्यादेत थोडी जास्त आणि कच्च्या रस्त्याला थोडी कमी हवा ठेवली, तर एकाच टायरवर दोन्ही कामे भागतात.

पण रविवारच्या ट्रेलचे काय?

उपनगरांतून जाता येण्याजोग्या जागा आधी पाहू. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मुख्य प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा सहा-सात किमीचा रस्ता सायकलस्वारांचा आवडता आहे. पण तो डांबरी आहे, फक्त शेवटी चढ आहे. उद्यान हे संरक्षित क्षेत्र असल्याने ठरलेला रस्ता सोडून जंगलातल्या पायवाटांवर सायकल घालता येत नाही, आणि सोमवारी उद्यान बंद असते. आरेतले मुख्य रस्ते पक्के आहेत, कडेला माती आणि खडी आहे. तिथे बिबट्यांचा वावर असल्याने अंधारात, विशेषतः एकट्याने, जाणे टाळावे. मुलुंडकरांना जवळचा येऊरचा चढही पक्क्या रस्त्याचाच. मार्वेहून बोटीने मनोरीला उतरून गोराई-उत्तनकडे जाणारा रस्ता अरुंद, पण चालण्यासारखा आहे.

दगडधोंड्यांचा खरा कच्चा रस्ता हवा असेल तर वसईजवळच्या तुंगारेश्वरपर्यंत जावे लागते. म्हणजे वरच्या पाच ठिकाणांपैकी चारांना एमटीबीची गरजच नाही. पाचव्या ठिकाणीही रुंद टायरची हायब्रिड सावकाश नेता येते. उलट, कमी किमतीच्या अनेक एमटीबींच्या माहितीपुस्तिकेतच ‘उड्या आणि खडतर उतारांसाठी नाही’ असे लिहिलेले असते. दिसायला डोंगरातली असलेली सायकल डोंगरासाठी बनवलेली असतेच असे नाही.

महिन्यातून एकदा होणाऱ्या सहलीसाठी उरलेले २९ दिवस जड सायकल ओढायची का, हा खरेदीतला मुख्य प्रश्न आहे. उत्तर ‘नाही’ असेल तर साधा फोर्क आणि रुंद टायर असलेली हायब्रिड निवडावी. दर आठवड्याला तुंगारेश्वरसारख्या वाटांवर जाणाऱ्यांनी मात्र बजेट वाढवून चांगली एमटीबी घ्यावी. स्वस्त एमटीबी हा या दोन्हींमधला मार्ग नाही.

ब्रेक, गिअर आणि फ्रेम कशी पाहावी?

ब्रेक : साध्या व्ही-ब्रेकचे रबर थेट रिमला घासते. ते स्वस्त असते आणि गल्लीतल्या मेकॅनिकला जमते. पण पावसात पकड उशिरा बसते आणि चिखलाने रिम झिजते. मेकॅनिकल डिस्क ब्रेक ओल्यात अधिक भरवशाचे आणि वायरवर चालणारे असल्याने दुरुस्तीलाही सोपे असतात. पावसाळ्यातही चालवणार असाल तर ते घ्यावेत. हायड्रोलिक डिस्क उत्तम, पण या बजेटमध्ये क्वचित मिळतात आणि प्रत्येक दुकानात दुरुस्त होत नाहीत.

गिअर : पुढे तीन आणि मागे सात मिळून २१ गिअर होतात, पण त्यांतले कितीतरी जवळजवळ सारखेच असतात. सपाट उपनगराला मागचे सात-आठ गिअर पुरतात. पुढे एकच चक्र असेल तर बिघाडही कमी. प्रवास फक्त स्टेशनपर्यंतचा असेल तर बिनगिअरची सायकलही पुरेशी आहे.

फ्रेम : दमट हवेत ॲल्युमिनियमची फ्रेम गंजत नाही. पोलादी फ्रेम स्वस्त आणि मजबूत असते, पण रंग उडालेल्या जागी लगेच लक्ष द्यावे लागते. मडगार्ड आणि कॅरिअर बसवण्यासाठी फ्रेमवर आटे आहेत का, हे आवर्जून पाहावे. मडगार्डशिवाय जुलैत ऑफिसला जाणे म्हणजे पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन पोहोचणे.

माप : सायकल दोन पायांमध्ये घेऊन उभे राहिल्यावर वरच्या दांडीपासून दोन-तीन बोटे तरी अंतर हवे. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवली असता खालच्या टोकाला पाय सरळ व्हावा. हे न जुळणारी सायकल कितीही सवलतीत मिळाली तरी गुडघा आणि कंबर दुखवते.

वीस हजारांचे गणित कसे मांडावे?

साधारणपणे सहा-आठ हजारांत बिनगिअरची सायकल, दहा-चौदा हजारांत गिअरच्या सुरुवातीच्या सायकली आणि त्यापुढे बऱ्या हायब्रिड मिळू लागतात. हिरो, हर्क्युलिस, फायरफॉक्स, डेकॅथलॉन असे पर्याय आहेत. मात्र नावापेक्षा घराजवळ दुरुस्ती होते का आणि सुटे भाग मिळतात का, हे आधी विचारावे.

एकूण बजेट २०,००० असेल तर सायकलीवर १६,००० च्या आसपास खर्च करावा. उरलेल्या पैशांत सायकलचे हेल्मेट, दोन दिवे, भक्कम कुलूप, मडगार्ड, घंटी आणि हवेचा पंप येतो. पावसाळ्यात दर आठवड्याला चेन पुसून तेल घातले तर ती हंगामभर साथ देते.

बजेट कमी असेल तर जुनी सायकलही पाहता येते. उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार मे ते सप्टेंबर २०२० या पाच महिन्यांत देशात सुमारे ४१.८ लाख सायकली विकल्या गेल्या होत्या. टाळेबंदीच्या उत्साहात घेतलेल्या अशा सायकली आजही अनेक सोसायट्यांत उभ्या आहेत. जुनी घेताना फ्रेमच्या जोडांवर तडा आहे का, चाक फिरवल्यावर डगमगते का आणि चेन किती सैल आहे, हे तपासावे. टायर-ट्यूब, ब्रेकच्या वायर आणि चेन बदलण्याचा खर्च किमतीत धरावा. घरात एमटीबी आधीच पडून असेल तर नवी घेण्यापूर्वी तिला गुळगुळीत टायर बसवून पाहावेत. बऱ्याचदा तेवढ्याने काम भागते.

घेण्यापूर्वी काय करावे?

राष्ट्रीय उद्यानात भाड्याने सायकल मिळते. एका रविवारी कान्हेरीपर्यंत जाऊन आल्यावर आपली ताकद आणि हौस दोन्ही कळतात. एखाद्या कामाच्या दिवशी ऑफिसच्या वेळेत आपला मार्ग पायी किंवा रिक्षाने नीट पाहावा. कुठे जाळी आहे, कुठे आतला रस्ता मिळतो, हे टिपून ठेवावे. स्टेशनबाहेर किंवा ऑफिसमध्ये सायकल कुठे लावणार, हेही आधीच विचारावे. एप्रिल २०२२ मध्ये सुरू झालेल्या मेट्रो २अ आणि ७ या मार्गांवर सायकल सोबत नेण्याची मुभा देण्यात आली होती. ऐन गर्दीत ती कितपत वापरता येईल, हे मात्र आपल्या स्थानकावर जाऊनच ठरवावे. या प्रश्नांची उत्तरे मिळाली की दुकानात कोणती सायकल मागायची हे आपोआप स्पष्ट होते, आणि विक्रेत्याने शॉकअप दाबून दाखवला तरी निर्णय बदलत नाही.