विश्लेषण : कोपरखैरण्यात विनापरवाना मजले का थांबत नाहीत?

कोपरखैरणे, घणसोली पट्ट्यात महापालिकेच्या तोडक मोहिमा अधूनमधून निघतात. तरी गावठाणांत आणि सिडकोच्या बैठ्या घरांवर विनापरवाना मजले चढतच राहतात. कायदा अपुरा आहे का? तसे नाही.

मूळ जमिनीत

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, रायगडमधील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. गावठाणांची हद्द मात्र वेळेवर वाढवली गेली नाही. कुटुंबे वाढली, तशी घरे संपादित जमिनीवर गेली. हीच ‘गरजेपोटी’ची बांधकामे. साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळण्यातही अनेकांची वर्षे गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये गावठाणापासून २५० मीटरपर्यंतची अशी बांधकामे नियमित करण्याचा शासन निर्णय निघाला. ही सवलत प्रकल्पग्रस्तांसाठी होती. पण त्याच आडोशाने विक्रीसाठीच्या इमारतीही उभ्या राहिल्या आणि खरी गुंतागुंत इथेच आहे. शिवाय जमीन सिडकोची, बांधकाम परवानगी महापालिकेची. टोलवाटोलवीला एवढे पुरते.

नोटिशीनंतर काय?

एमआरटीपी कायद्याच्या कलम ५४ खाली सुरू असलेले काम थांबवता येते, ५३ खाली बांधकाम हटवण्याची नोटीस देता येते, ५२ खाली गुन्हा नोंदवता येतो. जोत्यावर असलेले काम पाडायला एक दिवस पुरतो. तो दिवस टळला की स्लॅब पडतो, सदनिका विकल्या जातात आणि मग यंत्रणेसमोर बिल्डर नव्हे, कुटुंबे उभी असतात. दिघ्यात हेच झाले. एमआयडीसी व सिडकोच्या जमिनींवरील ९९ इमारतींवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कारवाईचे आदेश दिले. मोजक्या पडल्या, रहिवासी रस्त्यावर आले आणि सरकार नियमितीकरणाच्या धोरणामागे लागले.

कारवाई टाळण्याचीही किंमत असते. जुलै २०२४ मध्ये बेलापूरच्या शहाबाज गावात इमारत कोसळून तिघांचा मृत्यू झाला. त्याआधी एप्रिल २०१३ मध्ये शीळ-डायघरला ७४ जण गेले.

घरपट्टी भरली, मग घर अधिकृत?

नाही. हा सर्वांत महागडा गैरसमज. अनधिकृत बांधकामावर शास्ती लावणाऱ्या महापालिका कायद्याच्या कलम २६७-अ मध्येच ते स्पष्ट आहे : कर वा शास्ती घेतली म्हणून बांधकाम नियमित होत नाही. नोंदणी कार्यालयातील दस्त किंवा वीजजोडणीही त्याचा पुरावा नाही. पाहायचे ते बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र; तेही महापालिकेकडून पडताळून.

आता बदलले काय?

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाडकामापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस बंधनकारक केली. रस्ते, पदपथ यांसारख्या सार्वजनिक जागांवरील अतिक्रमणे मात्र वगळली. पुढच्याच महिन्यात, १७ डिसेंबरला, याच न्यायालयाने बजावले की बांधकाम जुने झाले किंवा अधिकारी गप्प राहिले म्हणून ते वैध ठरत नाही. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय वीज-पाणी जोडणी देऊ नये, बँकांनीही ते पाहूनच कर्ज द्यावे आणि चुकीची परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांवर खातेनिहाय कारवाई व्हावी, असेही आदेशात आहे.