गदा मोठी की थैली?



भुशीचे धरण शहरच्या माणसाला ठाऊक आहे ते पायऱ्यांवरून ओघळणाऱ्या पाण्यासाठी. मूळचे ते बांधले रेल्वेने, वाफेच्या इंजिनांना पाणी हवे म्हणून. आता ती इंजिने गेली, आणि पावसाळ्यात कणसे भाजून, चहा-भजी विकून इथली बरीच घरे वर्षाची बेगमी करतात. अशाच एका कणसाच्या गाडीवर एका माउलीने मला कोड्यात टाकले. तिचा थोरला क्रिकेटच्या नादात, धाकटा तालमीत.

"दादा, दोघांचं पुरवायचं म्हंजी जीव जातो. पैका कशात हाये त्ये सांगा. थोरला म्हनतो कुस्तीत काय ठेवलंय. अन् ह्यांचं म्हननं, पैलवानाएवढा मोठा गडीच न्हाय कुनी."

माझ्या मते बापलेक दोघेही खरे बोलतात. मोठेपण आणि मोल या दोन वेगळ्या गाठी आहेत, आणि आपण त्या एकाच हिसक्यात सोडवू पाहतो.

मोठेपण म्हणाल तर कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव घ्या. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. 1952 साली हेलसिंकीला जायचे तर पैसा नाही. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी तिथे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. दुसरे मिळायला 1996 साल उजाडले. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण मिरवणुकीने गहाण सुटत नाही. खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्या पैशातून देणे फेडले. पुढे पोलिसात फौजदार झाले, निवृत्तीनंतर पेन्शनसाठी झगडले आणि 1984 साली रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मेल्यावर.

आता थोरल्याचे क्रिकेट. आज भारताकडून एक कसोटी खेळणाऱ्याला पंधरा लाख रुपये मिळतात. बाकावर बसलेल्या राखीव गड्यालाही निम्मे. 2024 च्या नोव्हेंबरातल्या लिलावात ऋषभ पंतवर सत्तावीस कोटींची बोली लागली. हे आकडे ऐकले की वाटते, क्रिकेटमध्ये जन्मतःच सोने आहे. पण 1983 साली कपिलदेवच्या संघाने विश्वचषक आणला तेव्हा मंडळाच्या तिजोरीत खेळाडूंना बक्षीस द्यायला पैसा नव्हता. लता मंगेशकरांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला, त्यातून वीस लाख जमले आणि खेळाडूंना एकेक लाख दिले गेले. त्यांच्यापेक्षा आजचे खेळाडू शंभरपटींनी मोठे झाले, असे कोणी म्हणणार नाही. मधल्या काळात घरोघर टीव्ही आला आणि सामना दाखवण्याचे हक्क विकता येऊ लागले. पैसा त्या वाटेने आला.

कुस्तीचे तसे होत नाही, याची कारणे आपल्याच जत्रेत दिसतात. चैत्र लागला की मावळात गावोगाव देवाच्या जत्रा, आणि जत्रेला आखाडा. वर्गणी गावाची, तिकीट नाही. सकाळी पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग पन्नास-शंभरावरच्या, आणि दिवस कलताना शेवटची मोठी जोड. एकाने पाडले, दुसरा पडला. पाडणाऱ्याला इनाम, पडणाऱ्याच्या हाती बहुधा वाटखर्च. क्रिकेटचा फलंदाज शून्यावर बाद झाला तरी त्याचे मानधन कापत नाहीत. दहा जण त्याला सावरून घेतात. पैलवानाला सावरायला पाठीशी मातीच असते, आणि पाठ मातीला लागली की खेळच संपला! त्यातून पाय मुरगळला, कान फुटला, खांदा निखळला की अख्खा हंगाम बुडतो.

शिवाय कुस्तीत मोल ठरते ते भरवणाऱ्याच्या खिशावर. 2022 साली साताऱ्याला कोल्हापूरचा पृथ्वीराज पाटील महाराष्ट्र केसरी झाला. गदा मिळाली, पण रोख बक्षीस मिळाले नाही अशी खंत त्याने बोलून दाखवली, तेव्हा गावोगावहून मदत गेली. पुढच्याच स्पर्धेत, 2023 च्या जानेवारीत पुण्याला, आपल्या शेजारच्या खेड तालुक्यातल्या शिवराज राक्षेला गदेबरोबर मोटारगाडी आणि पाच लाख रुपये मिळाले. दोन्ही वेळी मान तोच.

कोणी म्हणेल, अंगाला अंग भिडणाऱ्या खेळाला पैसेवाला गिऱ्हाईकच नाही. हेही खरे नाही. 1971 साली न्यूयॉर्कला महंमद अली आणि जो फ्रेझर ठोसेबाजीला उभे राहिले तेव्हा प्रत्येकाला पंचवीस लाख डॉलर मिळाले होते, आणि अली त्या दिवशी हरला होता. पण असे एखादेच नाव. तिकडे अमेरिकेत आज पिंजऱ्यात लढण्याचा खेळ जोरात आहे. तो भरवणाऱ्या सर्वांत मोठ्या कंपनीवर लढवय्यांनीच 2014 साली दावा लावला, की कमाईतला आमचा वाटा पाचव्या हिश्शाच्याही आत आहे. त्याच देशात बास्केटबॉलच्या खेळाडूंची संघटना मालकांशी करार करून जवळपास निम्मी कमाई मागून घेते. सुटा शेतकरी चार क्रेट टोमॅटो घेऊन आडत्यापुढे उभा राहतो आणि दूध संघाचे सभासद एकत्र भाव मागतात, तोच हा फरक. लढवय्यांना 2024 साली साडेसदतीस कोटी डॉलरची तडजोड मिळाली, तीही दहा वर्षे कोर्टात घालवून.

माझा सगळ्यात मोठा पुरावा मात्र कबड्डीचा आहे. तिच्यात झोंबाझोंबी कुस्तीची आणि बांधणी संघाची. बरीच वर्षे कबड्डीतल्या चांगल्या गड्याची कमाई म्हणजे रेल्वेतली, बँकेतली किंवा कारखान्यातली नोकरी. 2014 साली टीव्हीवर प्रो कबड्डी सुरू झाली. त्या वर्षीची सर्वांत मोठी बोली बारा लाख ऐंशी हजारांची होती. 2023 साली पवन सेहरावतवर दोन कोटी साठ लाखांची लागली. चढाई तीच, पकड तीच. त्या हंगामात पुणेरी पलटण जिंकली, तिचा कप्तान अस्लम इनामदार अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गावचा पोरगा.

या सगळ्यात एक खर्च कोणी मोजत नाही, तो घरचा. पैलवानाला दिवसाला दोन लिटर म्हशीचे दूध धरा. साठ रुपये भावाने महिन्याचे छत्तीसशे झाले. बदाम, तूप, अंडी, मटण अजून वेगळेच. घरची म्हैस असली तरी ते दूध डेअरीला जात नाही, म्हणजे तेवढी पट्टी घटते. हा खर्च बापाच्या नावावर मिरवला जातो. प्रत्यक्षात तो निघतो आईच्या कणसाच्या गाडीतून. (तालमीत आता मुलीही येतात. 2023 साली सांगलीला महिलांची महाराष्ट्र केसरी झाली, पहिली गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने घेतली. तिच्या घरीही दुधाचा हिशेब हाच असणार.)

तर माउली, क्रिकेटमध्ये पैका आहे, पण तो वरच्या मूठभरांना. खाली चेंडू टाकणारी हजारो पोरे स्वतःच्या खर्चाने खेळतात. थोरल्याला विचारा, जिल्ह्याच्या निवड चाचणीला कधी बसणार आणि कोणत्या वयोगटात. उत्तर नसेल तर नव्या बॅटचे पैसे थांबवा.

धाकट्याची तालीम मोडू नका, पण शाळाही मोडू देऊ नका. पैलवानाची खरी कमाई अजून नोकरीतच आहे. राज्य सरकारच्या भरतीत खेळाडूंना पाच टक्के जागा राखीव असतात. मात्र तिथे जत्रेतली कुस्ती चालत नाही, कितीही मोठे इनाम असो. मान्यताप्राप्त संघटनेच्या किंवा शालेय स्पर्धेत ठरलेल्या पातळीवर पदक लागते, आणि त्या प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी करून घ्यावी लागते. अर्ज भरायच्या घाईत ही पडताळणी राहून जाते आणि पोरगा मैदानी चाचणीत पहिला येऊनही बाहेर बसतो. म्हणून आधी वस्तादांना भेटून विचारा, वर्षातल्या कोणत्या स्पर्धा कागदावर धरल्या जातात. जत्रांच्या तारखा त्यानंतर लावा.