संगणकाने 'नाही' म्हटले, तर दाद कोणाकडे?

पीककर्जासाठी बँकेत गेलात आणि खिडकीवरचे साहेब म्हणाले, "सिस्टीम घेत नाही," तर तुम्ही काय करता? मुकाट्याने पिशवी उचलता अन् एस.टी. गाठता. पूर्वी सोसायटीचा सचिव 'नाही' म्हणाला, तर त्याला चार शब्द सुनावता येत, चेअरमनच्या वाड्यावर जाता येई. संगणकाशी भांडायचे कसे?

हा नकार येतो कुठून? तुमची जुनी कर्जे, थकलेले हप्ते, कोणाला जामीन राहिलात, ही माहिती पतमाहिती कंपन्यांकडे जमा होते. तिच्यावरून संगणक ३०० ते ९०० च्या दरम्यान एक आकडा काढतो. तेच आपले 'सिबिल'. गारपिटीने थकलेला कोण आणि ऐपत असून बुडवणारा कोण, हे त्या आकड्याला कळत नाही.

युरोपात यावर विचार झाला. तिथे मे २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याचे २२ वे कलम सांगते, की माणसावर मोठा परिणाम करणारा निर्णय निव्वळ यंत्रावर सोपवू नये. अपवाद आहेत; पण करार किंवा संमतीमुळे सूट मिळाली, तरी माणसाकडून फेरतपासणी मागण्याचा आणि आपली बाजू मांडण्याचा हक्क राहतोच. जर्मनीत आपल्या सिबिलसारखी 'शुफा' नावाची कंपनी आहे. तिच्या आकड्यावरून एकाचे कर्ज नाकारले गेले. ७ डिसेंबर २०२३ रोजी युरोपच्या न्यायालयाने निकाल दिला, की बँक मुख्यतः त्या आकड्यावरच विसंबत असेल, तर आकडा काढणे हाच यंत्राचा निर्णय ठरतो.

आणि आपल्याकडे? व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. त्या नियमांप्रमाणे मुख्य तरतुदी अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या. निर्णयासाठी वापरलेली माहिती पूर्ण व अचूक असावी, असे हा कायदा म्हणतो. चूक दुरुस्त करून मागण्याचा हक्कही देतो. पण 'यंत्राचा निर्णय माणसाने तपासावा' हा हक्क त्यात नाही. आपले दुखणे नेमके तिथेच आहे.

महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. सोय आहे, नाही कोण म्हणतो? पण सातबारावर वारसाची नोंद राहिली असेल, तर तीच चूक एका योजनेतून दुसऱ्या योजनेत जायला कितीसा वेळ लागणार?

तोवर जे हातात आहे, ते तरी वापरा. पतमाहिती कंपनीकडून वर्षाला एक अहवाल फुकट मिळतो, तो मागवा. चूक दिसली तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल न लागल्यास पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कर्ज नाकारले, तर कारण लेखी मागा.

तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक आणि सचिव मंडळींनाही विनंती आहे. 'सिस्टीम घेत नाही' हे उत्तर नव्हे. काय अडले, कोणाकडे सुटेल, ते कागदावर लिहून द्या. आणि गावकऱ्यांनो, येत्या ग्रामसभेत ठराव करून खासदारांकडे पाठवा, की हा हक्क कायद्यात घाला. नकार द्यायचा तर द्या; पण तो का दिला, हे सांगायला माणूस बसवा!