नको झालेले घोडे

सुबत्तेच्या काळात माणूस ज्या हौशी करतो, त्यांचे देणे मंदीच्या काळात कोणाला ना कोणाला फेडावेच लागते. घर विकता येते, मोटार उभी करून ठेवता येते, दागिना गहाण टाकता येतो. परंतु घोडा नुसता उभा राहिला तरी खातो. साडेचारशे-पाचशे किलो वजनाच्या घोड्यास दररोज आठ-दहा किलो वैरण लागते, आणि धन्याची नोकरी सुटली म्हणून त्याची भूक कमी होत नाही. दर सहा-आठ आठवड्यांनी त्याचे खूर तासावे लागतात, दात तपासून घ्यावे लागतात, नित्य खरारा करावा लागतो. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. परंतु त्याच्या भर कामाची वर्षे त्याहून पुष्कळच कमी. तेव्हा घोडा घेणारा मनुष्य केवळ एक जनावर खरेदी करीत नसतो. तो पाव शतकाचे कर्तव्य अंगावर घेत असतो. तेजीत ही गोष्ट कोणाच्या ध्यानात राहत नाही. मंदी आली म्हणजे मात्र नको झालेल्या घोड्यांना कोणी आसरा द्यावा, हा प्रश्न दारात येऊन उभा राहतो. या प्रश्नाविषयी आमचे जे मत झाले आहे, ते आम्ही येथे मांडू इच्छितो.

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव फार बोलका आहे. तेथे घोड्यांचे कसाईखाने शेवटी तीन उरले होते. दोन टेक्सासमध्ये व एक इलिनॉयमध्ये. लोकमताच्या रेट्याने आणि कायद्याच्या बळावर २००७ साली ते तिन्ही बंद झाले. भूतदयेचा विजय झाला, असे अनेकांस वाटले. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस त्या देशात मंदीस आरंभ झाला आणि २००८ मध्ये मोठमोठ्या पेढ्या कोसळल्या. हौसेने घोडे पाळणाऱ्या मध्यम स्थितीच्या कुटुंबांना ते पोसणे अशक्य झाले. विकावयास जावे तर गिऱ्हाईक नाही, आणि निराधार घोडे सांभाळणाऱ्या संस्थांकडे जावे तर त्यांची ठाणी आधीच भरलेली. कित्येक घोडे सरकारी रानांत आणि आदिवासींच्या राखीव भूमीवर सोडून दिले गेले. एकट्या कोलोरॅडो राज्यात घोड्यांच्या हेळसांडीच्या व छळाच्या चौकशा २००५ मध्ये ९७५ झाल्या होत्या. २००९ मध्ये त्यांची संख्या १,५८८ वर गेली.

पुढे जून २०११ मध्ये तेथील सरकारी लेखातपासणी कार्यालयाने या सर्व प्रकाराचा अहवाल प्रसिद्ध केला. कत्तलीसाठी कॅनडा व मेक्सिको या शेजारी देशांत २००६ मध्ये सुमारे ३३,००० घोडे गेले होते. २०१० मध्ये सुमारे १,३८,००० गेले. म्हणजे बंदीपूर्वी जितके घोडे कापले जात होते, जवळजवळ तितकेच बंदीनंतरही कापले गेले. फरक एवढाच पडला की, मरणापूर्वी त्यांना अधिक लांबचा प्रवास घडला, आणि सरहद्द ओलांडल्यावर त्यांना स्वदेशाच्या कायद्याचे संरक्षणही उरले नाही. हलक्या व मध्यम प्रतीच्या घोड्यांचे भाव कसाईखाने बंद झाल्यामुळे ८ ते २१ टक्क्यांनी उतरले, आणि मंदीने त्यांत आणखी घट केली. ज्याला भाव नाही त्याची काळजीही नाही, हा बाजाराचा निष्ठुर न्याय घोड्यांच्या वाट्यास आला.

यावरून कसाईखाने चालू ठेवावयास हवे होते, असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. ज्या दयेने एक दार बंद केले, तिनेच दुसरे दार उघडण्याची तजवीज आधी करावयास हवी होती. बंदीचा ठराव एका दिवसात होतो. हजारो घोड्यांचा दाणावैरणीचा खर्च मात्र वर्षानुवर्षे चालतो. त्या खर्चाची तरतूद न करता केलेली दया ही अर्धी दया होय.

हा खर्च कोणी सोसावा? याचे उत्तर शोधताना आम्हांस आपल्याच इतिहासातील एक व्यवस्था आठवते. मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार असत. बारगीरास घोडा सरकारी पागेतून मिळे; शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. बारगीराच्या घोड्याचा भार सरकारवर असे. शिलेदाराच्या घोड्याचे बरेवाईट त्याचे त्यालाच पाहावे लागे. ज्या शहरांतून शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या पागा नांदल्या, तेथील वाचकांस हा भेद समजावून सांगावयास नको. आज टांगा हाकणारा, लग्नाच्या वरातीसाठी घोडी पुरविणारा किंवा थंड हवेच्या ठिकाणी प्रवाशांना घोड्यावरून फिरविणारा मनुष्य हा शिलेदारच आहे. पण त्याला ठरलेला पगार नाही आणि कोणा सरदाराचा आधारही नाही. उपयोग सर्वांनी घ्यावा आणि बोजा मात्र एकट्याने वाहावा, अशी ही स्थिती आहे.

२०२० च्या टाळेबंदीत तिचे विदारक दर्शन घडले. माथेरानच्या डोंगरावर मोटारींना बंदी असल्यामुळे तेथील कितीतरी कुटुंबांचा संसार घोड्यांच्या पाठीवर चालतो. प्रवासी येईनासे झाले आणि एका रात्रीत उत्पन्न थांबले. घोड्यांची भूक थांबली नाही. गावोगावच्या वराती बंद पडल्या आणि सजविलेल्या घोड्या दावणीला बांधून राहिल्या. काही दयाळू लोकांनी त्या दिवसांत चारा पोहोचविला, हे त्यांना भूषणावहच आहे. परंतु संकट अंगावर आल्यानंतर वर्गणी गोळा करू लागणे म्हणजे अक्षरशः वरातीमागून घोडे नेणे होय.

येथे कोणी म्हणेल की, मंदीत माणसांनाच खावयास मिळत नाही, तेथे घोड्यांची कसली चिंता? आक्षेप वरवर रास्त वाटतो. परंतु गरीब टांगेवाल्याचा घोडा उपाशी मेला तर त्याच्या मुलांचा घासही त्याबरोबर जातो. त्या घोड्यास दोन महिने चारा पुरविणे हे त्या कुटुंबास पुन्हा आपल्या पायांवर उभे करणेच आहे. यासाठी आमचे पहिले सांगणे असे की, घोड्यास नवे घर शोधण्यापूर्वी त्याचे जुने घर टिकवावे. अडलेल्या मालकाला दोष देत बसण्यापेक्षा त्याला वैरण, नालबंद आणि पशुवैद्य मिळवून द्यावा. ते कमी खर्चाचे आहे आणि जनावरासही सुखाचे आहे.

जेथे हे शक्य नसेल तेथे नवे घर अवश्य पाहावे. पण ते डोळसपणे पाहावे. केवळ कळवळ्याने घोडा घरी आणणारा मनुष्य सहा महिन्यांनी स्वतःच हातघाईस येतो, आणि मग तो घोडा पुन्हा बाजारात उभा राहतो. घेणाऱ्याकडे सावली, पाणी, मोकळी जागा आणि निदान वर्षभराच्या चाऱ्याची ऐपत आहे की नाही, हे आधी तपासावे. घोडा हा कळपात राहणारा प्राणी आहे. त्याला एकट्याने कोंडून ठेवले तर तो झुरतो. देणाऱ्याने त्याचे वय, दुखणे आणि खोड्या लपवू नयेत. काही महिने जमते की नाही ते पाहावे, आणि पुढे तो परस्पर विकला जाणार नाही असा लेखी करार करावा. शिवाय, असलेल्या घोड्यांस घर मिळत नसताना नवी शिंगरे जन्मास घालणे हा शुद्ध अविचार आहे. अशा काळात नर खच्ची करून पैदास आवरणे हेच शहाणपण.

आता एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सैन्याने आपले पुष्कळ घोडे इजिप्तमध्येच विकून टाकले. डोरोथी ब्रुक नावाची बाई १९३० साली कैरोस गेली, तेव्हा त्यांपैकी उरलेले घोडे म्हातारे, लंगडे व हाडांचे सापळे होऊन रस्त्यांवर ओझी ओढीत होते. जगभर मंदीचे दिवस होते. तरीही १९३१ मध्ये तिने वृत्तपत्रातून केलेल्या आवाहनाला लोकांनी उदारपणे उत्तर दिले, आणि पुढील तीन वर्षांत तिने सुमारे ५,००० जनावरे विकत घेतली. मालक स्वतः दरिद्री आहेत हे जाणून तिने घोडे हिसकावून घेतले नाहीत, त्यांचे मोल दिले. त्यांतील बहुतेक घोडे बरे होण्यापलीकडे गेले होते. त्यांना थोडे दिवस विश्रांती आणि पोटभर चारा देऊन तिने वेदनारहित मरण दिले. १९३४ मध्ये तिने तेथे गरिबांच्या जनावरांसाठी मोफत रुग्णालय उघडले. त्या कार्यातून वाढलेली संस्था आज भारतातही काम करते. ज्याचे दुखणे असाध्य आहे त्याला रस्त्यावर सोडून देणे आणि हत्येचे पाप आपल्या माथी लागले नाही म्हणून समाधान मानणे, याला आम्ही दया म्हणावयास तयार नाही.

आपल्या समाजाला या कर्तव्याची जाण नाही, असे मुळीच नाही. जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरपोळ १८३४ मध्येच स्थापन झाले. उणीव आहे ती आगाऊ विचाराची. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेथील व्हिक्टोरिया गाड्या बेकायदेशीर ठरवून त्या वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा त्या धंद्यातील माणसांच्या पुनर्वसनाची योजना करण्यासही शासनास सांगितले. निर्णयाबरोबर योजनेचाही विचार व्हावा, हे योग्यच झाले. असाच विचार प्रत्येक गावात घोड्यांसाठीही, आणि मंदी येण्याआधी, व्हावा एवढेच आमचे मागणे आहे. प्रवासी ठिकाणी घोड्याच्या प्रत्येक फेरीमागे आणि प्रत्येक वरातीमागे अल्पशी रक्कम गावाच्या चारानिधीत पडली, तर उपयोग घेणाराही बोजाचा वाटेकरी होईल, आणि आजच्या शिलेदाराला बारगीराचा थोडातरी आधार मिळेल.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही सहलीस जाल तेव्हा घोड्यावर अवश्य बसा. पण तो लंगडत नाही ना, त्याच्या पाठीवर खोगिराची जखम नाही ना, हे आधी पाहा, आणि ठरल्या भाड्यात उगाच घासाघीस करू नका. त्या चार पैशांत त्याची चंदी असते. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उपरोधाने केली आहे, उपदेश म्हणून नव्हे. ज्याच्या पाठीवरून आपण हौस भागविली, त्याच्या म्हातारपणाचा हिशेबही आपल्याच वहीत मांडावयास हवा.